दहा आठवडे, एक दिवस

सरकारी दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागूनच चार नंबरची, सोनोग्राफीची खोली. तिथल्या बाईंना सगळे मापबाई म्हणायचे आणि त्यांचंही त्याला काही म्हणणं नव्हतं. एकतीस वर्षं दुसरं केलं काय त्यांनी? पोटावर थंड जेली लावायची, प्रोब फिरवायचा, पडद्यावर गर्भाच्या डोक्यापाशी एक फुली, बुडापाशी एक फुली, आणि मधलं अंतर मोजायचं. त्या अंतरावरून किती आठवडे, किती दिवस, ते मशीन छापून देई. बाई कडक, बोलणं मोजकं. आयाबाईंनी कधी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की म्हणायच्या, "आधी वायर नीट बसलीय का बघा."

त्या वर्षी नवा कायदा आला. दिवस गेले आणि नको असले तर पूर्वी वीस आठवड्यांपर्यंत वाट मोकळी होती. आता दहा. दहावर एक दिवस झाला की दार बंद. तेही बाईच्या तोंडच्या तारखेवर नाही, मशीनच्या कागदावर. आणि कागद मिळाला तरी लगेच सुटका नाहीच. पाच दिवस घरी बसून विचार करायचा, मग यायचं. "जशी काय इथवर विचार न करताच आली," असं मापबाई पुटपुटल्या. पण पुटपुटण्यापलीकडे गेल्या नाहीत. प्रत्येक चित्र वरच्या कार्यालयात फेरतपासणीला जात होतं, आणि दुसऱ्या एका दवाखान्यातल्या बाईने दोन मिलिमीटरची मेहेरबानी केली म्हणून ती कोठडीत होती.

कायद्यानंतर पहिली आली ती चार मुलांची आई.

"सात आठवडे झालेत, बाई. तारीख पक्की आहे माझी. त्याच दिवशी सासरे पडले, विसरेन कशी?"

मापबाईंनी फुल्या मारल्या. तेहतीस मिलिमीटर. दहा आठवडे, एक दिवस.

ती उठून बसली आणि कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे काल आले असते तर झालं असतं का?"

बायका तारखा विसरतात, त्यात नवल नव्हतं. त्यांनी पुढचीला हाक मारली. पुढचीने आठ आठवडे सांगितले. निघाले दहा आठवडे, एक दिवस. शुक्रवारपर्यंत सहाजणी झाल्या आणि सहाही कागदांवर तोच आकडा. मापबाईंनी कागद एकाखाली एक ठेवून पाहिले. लगेच कंपनीला फोन लावला.

मशीन कंपनीचा इंजिनियर आला. त्याच्याकडे मापाचा ठोकळा असतो, आत तारा बसवलेल्या, कोणती तार किती अंतरावर हे आधीच ठरलेलं. त्याने दोन तास तपासणी केली. "केसाचाही फरक नाही. तुमचा हात तर हलत नाही ना?"

"हात हलला असता तर आकडे वेगवेगळे आले असते," मापबाई म्हणाल्या. तो हसला, सही केली आणि निघून गेला.

मोठ्या डॉक्टरांनी तर हातच झटकले. "मशीनचं कुणाशी वैर आहे का, मापबाई? चुकतात त्या बायका." आणि नकाराच्या कागदांवर भराभर सह्या ठोकल्या.

पुढच्या मंगळवारी एक शाळामास्तरीण आली. आदल्याच दिवशी केस रंगवले होते तिने, कपाळावर काळा डागही होता. लाजून म्हणाली, "निघता निघत नाहीये." चार मिनिटांत काम आटोपलं. ती उठून बसली तेव्हा मापबाई तिच्या मागे उभ्या होत्या. भांगात दोन्ही बाजूंनी अर्धं बोट पांढरे केस आले होते. कपाळावरचा डाग नव्हता.

मापबाईंनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मग खिडकीचा पडदा ओढला, कारण उजेडाने कधी कधी असं दिसतं.

बुधवारी पावाच्या कारखान्यातली मुलगी आली. मनगटावर भट्टीचा चटका बसलेला, टरारून फोड आलेला. प्रोब फिरत असताना मापबाईंनी पडद्याइतकीच भिंतीवरच्या घड्याळावरही नजर ठेवली. अकरा वाजून दहा मिनिटं. अकरा वाजून चौदा मिनिटं. मुलीने हात उचलला. फोडाच्या जागी गुलाबी, कोरडा वण होता. तीन आठवड्यांपूर्वीचा म्हणावा असा. मुलीने तो पाहिला, मापबाईंकडे पाहिलं आणि बाही खाली ओढली.

"बाई, किती वेळ पडले होते मी?"

"चार मिनिटं."

"मला फार वाटला."

तेहतीस मिलिमीटर होते. एक मिलिमीटर आत फुली मारली असती तर त्या पोरीचं काम झालं असतं. मापबाईंनी ती मारली नाही. कोठडीला घाबरल्या, दुसरं काही नाही. त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला चैन म्हणून पडेना. घरी ताट वाढून घ्यायच्या आणि न जेवता उठायच्या. कड्या लावलेल्या असल्या तरी पुन्हा पुन्हा बघून यायच्या. चार मुलांची आई आता रोज सकाळी येऊन खोलीसमोरच्या बाकावर बसू लागली होती. आयाबाईंनी हटकलं तर म्हणे, "माझे तीन आठवडे आत राहिलेत. ते घेतले की जाते." बोलायची शांतपणे, वेड्यासारखी नाही. तेच मापबाईंना सोसवत नव्हतं.

अशात भाची आली.

भाची म्हणजे मापबाईंच्या धाकट्या बहिणीची एकुलती एक. बहिणीचं हृदय जन्मापासून अधू होतं. हिच्याच बाळंतपणात ती गेली, आणि मापबाईंनी या पोरीला पहिल्या दिवसापासून वाढवलं. पोरीने नाकडोळे आईचे घेतले आणि हृदयही. लहानपणीच डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला बाळंतपण झेपायचं नाही. लग्नाआधी मुलाला तसं स्पष्ट सांगितलं होतं. जावई बोटीवर नोकरीला. खूप काळजी घेऊनही व्हायचं ते झालं. तिकडून फोनवर तो एवढंच म्हणाला होता, "तू राहिलीस म्हणजे मला सगळं मिळालं." आजारी बाईला कायद्यात सवलत होती, नाही असं नाही. पण तिच्यासाठी तीन डॉक्टरांची समिती बसायची, आणि ती वर्षातून दोनदा.

"सहा आठवडे झालेत, मावशी. मग काळजी कसली? दहाच्या आत आहे की मी."

"त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही तू," मापबाई म्हणाल्या.

"खोलीत काय आहे?"

"काही नाही. वायर खराब आहे."

दोन दिवस त्यांनी विचार केला. ठोकळ्यावर मशीन बरोबर चालत होतं. हात बरोबर होता. बायकांच्या तारखा बरोबर होत्या. मग उरली ती खोली. ओलीचा, विजेचा, कशाचा तरी दोष तिथेच असला पाहिजे. कागदावर मशीनचा नंबर छापला जातो, खोलीचा नाही.

पुढच्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मशीनच्या चाकांचे चाप सोडले आणि ते ढकलत ढकलत व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तिथे धुतलेल्या चादरींची कोठी होती. बाकावरची बाई मशीनकडे बघत राहिली. भाचीला चादरींच्या गठ्ठ्यावर आडवं केलं. दार लावलं.

"आई गं, किती थंड आहे हे."

"गप पड."

पडद्यावर अंधार, त्यात छोटी काळी पिशवी, पिशवीत तांदळाचा दाणा. मापबाईंनी फुल्या मारल्या. पाच मिलिमीटर.

सहा आठवडे, दोन दिवस.

त्यांनी भाचीची नखं पाहिली. कडेला आदल्या रात्री कुरतडलेली होती, तशीच होती. मग मात्र त्यांना रडू आवरलं नाही. एकतीस वर्षांत कामावर त्या पहिल्यांदाच रडल्या असतील.

"मावशी, अगं, बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. झकास आहे. ऊठ."

डॉक्टरांनी कागद पाहिला, भुवया उंचावल्या आणि सही केली. खाली शिक्का बसला. विचाराचे पाच दिवस, सोमवारी सकाळी आठ वाजता हजर राहणे.

मापबाईंनी सोमवारपर्यंत रजा टाकली. पोरीला एकटं सोडायचं नाही, दवाखान्याच्या रस्त्यालाही जाऊ द्यायचं नाही. त्या रात्री दोघी पत्ते खेळल्या. भाचीने तीनदा लबाडी केली, तीनदाही पकडली गेली आणि वर तोंड करून भांडली. "लहानपणी तू जिंकू द्यायचीस."

"लहानपणी तू बरी खेळायचीस," मापबाई म्हणाल्या. किती दिवसांनी त्या पोटभर जेवल्या.

गुरुवारी दुपारी त्या स्वयंपाकघर आवरत होत्या. बाहेरच्या खोलीत भाची पुस्तक घेऊन पडली होती.

"मावशी."

"काय गं?"

"जरा येतेस?"

आवाज साधाच होता. पण त्या हात न पुसता गेल्या.

भाची भिंतीला टेकून बसली होती. नुसतं बसून तिला धाप लागली होती. ओठांच्या कडा निळसर दिसत होत्या.

"दुखतंय का?"

"नाही. आतून कसंतरी होतंय. कुणी बोटाने टकटक करावं तसं."

पहिलटकरणीला पोटातली हालचाल कळायला पाच महिने लागतात. हे त्यांनी हजार बायकांना सांगितलं होतं.

"पोटात वायू धरला असेल," मापबाई म्हणाल्या.

"हो, तेच असेल. बघ ना जरा हात लावून."

एकतीस वर्षं त्यांच्या हाताच्या आणि पोटाच्या मध्ये प्रोब होता. आज नुसता तळवा ठेवला. बेंबीच्या खाली पोट घट्ट लागलं. गोल आणि घट्ट, पाच महिन्यांचं असावं तसं बेंबीपर्यंत आलेलं.

कपाटात कागद होता. सहा आठवडे, दोन दिवस. कालची तारीख. चादरींच्या कोठीतलं, खोलीबाहेरचं माप.

तळव्याखाली काहीतरी सरकलं.

"लागलं ना तुला?" भाचीने विचारलं. ती हसायचा प्रयत्न करत होती, पण वाक्य पुरं करायला तिला मध्ये श्वास घ्यावा लागला. "सोमवारला अजून किती दिवस आहेत गं?"

"चार."

"चारच ना. जातील."

मापबाईंनी हात काढला नाही. ते पुन्हा हललं. या खेपेला बेंबीच्या वर, दोन बोटं.