वर्तुळातला दुसरा तारा

जंगलाकाठच्या मोहर्लीत नेटवर्क धड मिळायचं ते एकाच जागी, सफारीच्या गाइड लोकांच्या शेडमधल्या कोपऱ्यातल्या बाकावर. आणि त्या बाकावर नेमका निकेश गाइड बसलेला.

"सरकता का जरा?" दिव्यानीनं विचारलं. पुण्यात ताऱ्यांवर पीएचडी करणारी ही पोरगी उन्हाळ्यापुरती मावशीकडे आली होती, आणि पीएचडीच्या सरांना पाठवायची तिची फाइल सकाळपासून अडून बसली होती.

तो सरकला. पण डोळे तिच्या लॅपटॉपवर.

"वाघाचा फोटो बिघडला का मॅडम?"

"तारा आहे तो." तिला हसू आलं. "म्हणजे जोडी आहे. एक मेलेला, तो दुसऱ्याचा वायू ओढून घेतो. त्यातून क्ष-किरण निघतात, अवकाशातल्या दुर्बिणीला दिसतात. पण नेमकी जागा कळत नाही, नुसतं एवढंसं वर्तुळ मिळतं. मधे सगळी धूळ. मग दुसरी दुर्बीण, धुळीपलीकडचं बघणारी... तिला वर्तुळात दोन तारे दिसले. त्यातला जोडीदार मी ओळखला. हा, ठळक."

"ठळक हाय म्हून तोच काऊन?"

दिव्यानीला राग यायला हवा होता. आला नाही. मान तिरकी करून बघणारे ते डोळे... दुसऱ्या दिवशी ती फाइल नसतानाही आली.

"आज काय पाठवून राह्यल्या?"

"काही नाही."

"मंग?"

"बाक बरा आहे."

निकेश गालात हसला. वाऱ्यावर मोहफुलांचा गोडसर वास आला, तसं त्यानं तोंड फिरवलं.

कारण मावशीनं सांगितलं. मागच्या वर्षी वाघानं गावातल्या दोन बायका मारल्या. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यात त्याचा फक्त उजव्या अंगाचा पुसट फोटो आला. रस्त्याकडेला नेहमी दिसणाऱ्या वाघिणीचा फोटो होता, तो डाव्या अंगाचा. दोन्ही अंगांचे पट्टे सारखे नसतात हे निकेशला पाठ होतं. पण गाव पेटलेलं, आणि त्यानं वनखात्याला "हीच" म्हणून सांगून टाकलं. वाघीण पिंजऱ्यात गेली, खरा वाघ मोकळाच राहिला. आता भीती नाही म्हणून त्याची आई केसरबाई मोह वेचायला गेली, ती त्याच वाघाच्या तावडीत सापडली, जिवंत परत आली नाही. तेव्हापासून त्याचे वडील नानाजी त्याला घरात पाऊल टाकू देत नव्हते. तो शेडमध्येच झोपायचा.

महिनाभरानं दुर्बिणीची नवी निरीक्षणं आली. क्ष-किरण भडकले तेव्हा ठळक तारा होता तसाच होता. उजळला होता त्याच्या शेजारचा, धुळीनं लालसर दिसणारा अंधुक. दिव्यानी चुकली होती. तिनं सरांना तसं कळवलं आणि मग निकेशला सांगितलं.

"तू विचारलं नसतंस तर मी पुन्हा पाहिलंच नसतं." ती थांबली. "निकेश... मला तू आवडतोस."

तो बाकावरून उठला. "मलेही तू आवडतं. पण ज्याले बाप घरात घेत नाई, त्याच्यासंगं तू कुठी राह्यशीन?"

ती तडक नानाजींकडे गेली. ते ओसरीत दोर वळत होते. तिनं आपली चूक सांगितली, निकेशचीही तशीच होती म्हणाली.

"तुह्या चुकीनं कोनी मेलं का बाई?"

"नाही."

"मंग तुही चूक येगळी."

"त्याला कधीच घरात घेणार नाही?"

"त्याच्या मायले विचार."

ती ओसरीवरून उतरली.

शेडमध्ये निकेश वाट पाहत होता. गोड काहीतरी सांगता आलं असतं... तिनं सांगितलं नाही.

"नाही म्हणाले."

"ठाऊक होतं. तू पुण्याले जाय."

"जाईन. काम संपवून परत येईन. गावातच खोली घेऊ, त्यांच्या दारासमोर. घेतील तर घेतील... नाही तर बाहेरच संसार करू."

"लोक हसतीन."

"हसू दे. मी राहणार आहे."

आई गेली तेव्हाही न रडलेला निकेश तिचा हात धरून हमसून हमसून रडायला लागला. तिनं त्याला रडू दिलं.