भरतीरेषेखालची माती

आर्डव्हेनीच्या धक्क्याला होडी लागली तेव्हा ओहोटी होती आणि लिलियस घाईत होती. तिचा भाऊ हेक्टर, आर्डव्हेनीचा अर्ल, मासेमारीला गेला तो परतलाच नाही. देहही सापडला नाही. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून किताब आणि गढी बहिणीकडे आली. आमच्या मुलखात बाईला किताब मिळतो, त्यात नवल नाही. पण नुसत्या कागदावर जमीन कुणाची होत नाही. त्याच जमिनीवर उभं राहून, साक्षीदारांसमोर, माती आणि दगड हातात घ्यावे लागतात. जो घेईल तो धनी.

चुलतभाऊ टॉर्क्विलही तीच माती घ्यायला घोड्यावरून निघाला होता.

"टेकडीवर चढू या, बाईसाहेब. माती वरचीच घेतात," म्हातारा कारभारी मर्डो म्हणाला.

"आपण धापा टाकत पोचेपर्यंत टॉर्क्विल वर बसून माझीच दारू मला पाजेल! इथलीच द्या."

मर्डो कुरकुरला, पण वाकला. धक्क्याच्या पायथ्याची मूठभर माती आणि एक गुळगुळीत दगड त्याने तिच्या हातात दिला. दोन कोळी साक्षीला होते. लिलियसने मूठ आवळली आणि गढी तिची झाली. टॉर्क्विल दुपारी आला, हात चोळत परत गेला.

माती आणि दगड रीतीप्रमाणे जेवणघरात, शेकोटीवरच्या फळीवर, लाकडी तबकात ठेवले. लिलियस टोकाच्या मोठ्या खुर्चीत बसून जेवू लागली. हेक्टर असता तर ती जन्मभर एडिंबरात मावशीची लोकर गुंडाळत बसली असती. तिला गढी हवी होती आणि हेक्टरही हवा होता, आणि याची तिला लाज वाटायची. लहानपणी तो तिला हाताला धरून त्या धक्क्यावरून ओढत आणायचा. होडीच्या दोरात सापडून त्याची करंगळी अर्धी तुटली होती. ते थोटूक तिच्या तळहाताला टोचायचं.

माती सुकेना. एवढ्या शेकोटीवर असूनही तबकातून थेंब गळायचे, निखाऱ्यांवर चर्र व्हायचं. लिलियस काही भाबडी नव्हती. तिने छप्पर तपासून घेतलं, तबक बदललं. मग तिच्या ध्यानात आलं की खाडीला भरती आली की माती गळू लागते आणि ओहोटीला थांबते. तिने त्या पाण्याचं बोट जिभेला लावलं. खारट लागलं.

"कुठली माती घेतलीस गं, पोरी?" एल्स्पेटने विचारलं. दोघा भावंडांना हिनेच वाढवलं होतं. चारचौघांत बाईसाहेब म्हणायची, एरवी नाही.

"धक्क्याखालची."

"शेवाळाच्या रेघेखालची? अगं माझ्या देवा! ती आपली कधी होती? ती समुद्राची. समुद्रात गेलेल्यांची."

"काहीतरीच बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत. वरची माती नव्याने घे, म्हणजे झालं."

"म्हणजे पहिली खोटी, हे मीच कबूल करायचं? टॉर्क्विल टपूनच बसलाय."

एल्स्पेट ओटची पेज ढवळत राहिली. तो विषय तिथेच संपला.

अमावस्येची मोठी भरती भर दुपारी आली. लिलियस एकटी जेवत होती. निखाऱ्यांवर चर्र, चर्र चाललं होतं.

मग ते थांबलं.

ती उठली, फळीपाशी गेली.

सकाळपर्यंत सुटी असलेली माती घट्ट दाबली गेली होती. मुठीत धरावी तशी. चार बोटांचे ठसे ताजे होते आणि त्यांत पाणी साचत होतं.

तिच्या बोटांहून मोठे.

शेवटचा अर्धाच होता.

जो घेईल तो धनी.

लिलियसने आपलं ताट उचललं आणि मोठ्या खुर्चीच्या उजवीकडच्या, लहानपणीच्या जागेवर नेऊन ठेवलं.

"एल्स्पेट, टोकाला अजून एक ताट मांड."

एल्स्पेटने तबकाकडे पाहिलं. मग तिने टोकाला ताट मांडलं आणि त्यात पेज वाढली.

लोकांसाठी अर्लचा किताब शेवटपर्यंत लिलियसकडेच राहिला. टॉर्क्विलला काही कळलं नाही.

त्या दुपारी ती उजव्या हाताने सावकाश जेवली. डावा हात टेबलाखाली मांडीवर होता, तळवा उघडा. थोड्या वेळाने तो ओला झाला आणि तिथे काहीतरी बोथट टोचू लागलं. तिने हात मागे घेतला नाही.