काटा मध्यावर येईना

डिसेंबरची गार सकाळ होती. बेंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसच्या तळघरात मी स्कूटर लावत होते, तेवढ्यात शेजारच्या गाडीतून चक्क मराठी ऐकू आलं.

"आई, ठेवतो आता. समोर तीन दिवे लागलेत आणि एकाचाही अर्थ कळत नाहीये!"

मला हसू फुटलं. तो फोन ठेवून बाहेर आला. विस्कटलेले केस, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

"तुम्ही… मराठी?"

"घरी मराठीच बोलतो आम्ही. पिढ्यान्पिढ्या इथलेच, म्हणून स्वल्प कन्नड मिसळून. मी अनुषा. गाड्यांचे कॉम्प्युटर तपासते, तिसऱ्या मजल्यावर."

"मी मल्हार. पुण्याचा. पाचव्या मजल्यावर… आणि सध्या तुमच्या दयेवर."

मी आत बसून पाहिलं. इंजिनचा पिवळा दिवा, डिझेल इंजिनाच्या हीटरचं लुकलुकणारं वेटोळं, आणि धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा. गॅरेजवाल्यानं आधी बॅटरी बदलली होती, मग एक सेन्सर. दिवे पुन्हा हजर!

"इंजिन गरम व्हायला वेळ लागतो?"

"फार. इंदिरानगरहून इथवर येतो, तरी तापमानाचा काटा मध्यावर येत नाही."

"सिग्नलला उभे असलात की थोडा चढतो, आणि मोकळा रस्ता मिळाला की उतरतो?"

तो बघतच राहिला. "तुम्ही स्कूटरवरून माझ्या मागे येता की काय?"

"आले असते तर तुमच्याआधी पोचले असते."

वरून माझं मशीन आणून जोडलं आणि शंका खरी निघाली. "थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. इंजिन तापेपर्यंत त्यानं रेडिएटरची वाट बंद ठेवायची असते. हा ठेवत नाही. मग इंजिन गारच राहतं, फिल्टरमधली काजळी जळत नाही, आणि हे सगळे दिवे लागतात."

"म्हणजे बरी होईल? वा! मग विकता येईल."

"विकणार?"

"पुण्याला बदली मागितलीय. इथं माझं तसं कोणीच नाही ना…"

"सरी, ठीक आहे," मी म्हटलं आणि वायर गुंडाळायला लागले.

नवा थर्मोस्टॅट मागवावा लागला, आणि तो लवकर येईना. तोवर मल्हार रोज संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर यायचा. "आज गाडीनं वेगळाच आवाज केला," म्हणायचा. गाडीला काही झालेलं नसायचं. मग आम्ही खाली कॉफी प्यायचो. मी हातवारे करून बोलायला लागले की तो माझा कप हळूच बाजूला सरकवायचा, सांडू नये म्हणून. एकदा तो आलाच नाही, आणि मी उगीचच लिफ्टकडे बघत बसले…

थर्मोस्टॅट आला आणि बदलीचा होकारही. मल्हारनं सोमवारी फक्त हो म्हणायचं होतं.

माझ्या ओळखीच्या गुरुराजअण्णांच्या गॅरेजात थर्मोस्टॅट बदलला. आता फिल्टरमधली काजळी जाळायला गाडी एका वेगात, न थांबता पळवायला हवी होती. बेंगळूरात असा रस्ता कुठला! रविवारी सकाळी आम्ही कोलारच्या दिशेनं निघालो. होसकोटेच्या अलीकडेच काटा मध्यावर आला आणि तिथंच राहिला.

"आता कॉफी?"

"थांबायचं नाही."

"मी भुकेनं मेलो तर?"

"फिल्टरचा दिवा विझल्यावर मरा."

तो खदखदून हसला. बाहेर धुक्यात टोमॅटोची शेतं मागे पडत होती. हा रस्ता असाच लांबत जावा, असं मला वाटत होतं. आणि दिवा विझला.

"अनुषा, विझला! बघा!"

"हं," मी म्हटलं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

पुढच्या हॉटेलात आम्ही उतरलो. वाफाळत्या इडल्या आल्या. मल्हार चटणीत नुसताच चमचा फिरवत होता.

"दुपारी एक जण गाडी बघायला येतोय," तो म्हणाला. "बरंच झालं ना?"

"विकू नका."

"का?"

"चांगली गाडी आहे."

"एवढंच?" त्यानं मान वर केली. "अनुषा, मी रोज खोटे आवाज सांगत होतो. तुम्हाला कळत होतं ना?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

माझे कान तापले. बोलले असते तर तो वर यायचा थांबला असता, हे त्याला कसं सांगू? पण उद्या सोमवार होता.

"मल्हार," मी म्हटलं, "तू जाऊ नको. मला… तू इथं हवायस."

खिशातून फोन काढून त्यानं गाडी बघायला येणाऱ्या माणसाला लावला. "नमस्कार. माफ करा, गाडी विकायची नाहीये… नाही हो, एकदम छान चालतेय."

फोन ठेवला, ताटली उचलली आणि समोरून उठून तो माझ्या शेजारी येऊन बसला.

"आता बोल," तो म्हणाला, "तुझ्या घरी मला कधी नेतेस?"