आजोबांची गोळी, आईचं सरबत

आजोबांना रोज गोळी लागते, मग आईला का नको? चंद्रावरच्या वसाहतीत राहणाऱ्या शाल्मलीला या कोड्यानं सकाळपासून चैन पडत नव्हतं.

आजोबांना त्यांच्या थोरल्या बहिणीनं मूत्रपिंड दिलं होतं. परकं समजून रक्षक पेशी (शरीरातले पहारेकरी) त्यावर तुटून पडू नयेत, म्हणून ती गोळी. आता आईच्या पोटातलं बाळ अर्धं बाबांचं, म्हणजे आईच्या शरीराला परकंच की! त्यात घरच्या यंत्रमानवानं, गुंडूनं, तपासणी करून सांगितलं होतं, "गर्भाशयात मारक पेशींची, म्हणजे रक्षक पेशींतल्याच एका प्रकाराची, गर्दी आहे." आई नुसती हसली. शाल्मली मात्र घाबरली. तिनं गुपचूप एक गोळी आईच्या कोकम सरबतात विरघळवली.

"आजोबा, आईच्या सरबतात टाकलेली एक गोळी बाळाला पुरेल ना?"

आजोबा आयुष्यभर पेशींचा अभ्यास केलेले शास्त्रज्ञ. ते ताडकन उठले. "सूनबाई, थांब! पिऊ नकोस!"

आईच्या हातून पेला सुटला. चंद्रावरच्या कमी गुरुत्वाकर्षणात तो सावकाश खाली आला. तिनं एक घोटही घेतला नव्हता. हुश्श!

"अगं वेडाबाई, विचारायचं तरी!" आजोबा म्हणाले. "त्या पेशी मारायला नाही जमल्या. वार घडवायला जमल्यात."

"वार म्हणजे?"

"बाळाला आईच्या रक्तातलं अन्न नि प्राणवायू पोचवणारा अवयव. बाळाकडच्या पेशी गर्भाशयात रुजू लागतात. या मारक पेशी त्यांना ओळखतात, रासायनिक निरोप धाडतात, रुजायला मदत करतात. आईच्या अरुंद रक्तवाहिन्या रुंद व्हायलाही हातभार लावतात. तेव्हा कुठे वारेला भरपूर रक्त मिळतं."

"आणि वाहिन्या अरुंदच राहिल्या तर?"

"बाळाची उपासमार."

"म्हणजे मी बाळाच्या मदतनीसांनाच गप्प बसवत होते!" शाल्मलीला रडू फुटलं. आईनं तिला कुशीत ओढलं. गुंडूनं पुन्हा तपासणी केली. बाळाचं इवलंसं हृदय भराभर धडधडत होतं. शाल्मलीचा जीव भांड्यात पडला.

डोळे पुसत ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या मूत्रपिंडाशीसुद्धा अशीच दोस्ती करायला या पेशींना कुणी शिकवलं तर?"

आजोबांनी गोळ्यांची डबी उचलली. "तू शिकव. मग मला गोळी लागणार नाही, आणि ही डबी तुझी, चंद्रावरचे खडे ठेवायला. तोवर मात्र ती कुलपात राहील हं!"