बेडकांच्या जागी सिमेंट

छत्री दाराबाहेर निथळत ठेवून तो नियतकालिकाच्या कचेरीत आला आणि थेट तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "माझ्या बेडकांचं सिमेंट झालंय."

वेडाबिडा नव्हता हो तो! बेडकांवरचा त्याचा शोधनिबंध याच नियतकालिकात छापून आला होता. इथे प्रत्येक लेखाला एक कायमचा क्रमांक मिळतो. त्यावर टिचकी मारली की जगात कुठूनही तोच लेख उघडायला हवा. याच्या क्रमांकावर मात्र सिमेंटच्या तड्यांवरचा लेख उघडत होता. क्रमांक नोंदवायचं काम तिचं, आणि एकाच अंकातल्या दोन लेखांची अदलाबदल घाईघाईत तिनेच केलेली. ती कानापर्यंत लाल झाली.

जगभरचे शोधनिबंध जिथे शोधता येतात त्या शोधसूचीत लेख त्याच्या नावावर दिसल्याशिवाय त्याला दूरच्या तळ्यावरच्या संशोधन केंद्रात नोकरीचा अर्ज करता येत नव्हता, आणि मुदत तर संपत आलेली. दिलेला क्रमांक खोडता येत नाही, पण त्यावर काय उघडतं ते बदलता येतं. तिने ते तिथल्या तिथे बदललं. पण सूची आपल्या सवडीने ताजी होते, तिला कोण घाई करणार?

मग तो रोज येऊ लागला. लेख दिसला का विचारायचा, ती नाही म्हणायची. मग चहा, मग पावसात बेडूक कुणाला हाका मारतात त्याच्या गोष्टी… संपादकबाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, लेखकांची इतकी सरबराई या कचेरीत आजवर झाली नव्हती.

आणि एका सकाळी लेख सूचीत दिसला. तिने ते पान झटकन बंद केलं. तो आला, त्याने विचारलं, आणि ती चक्क म्हणाली, "नाही अजून."

त्या दिवशी तिला घास गेला नाही. आपल्या दोन घटका गप्पांपायी माणसाची नोकरी घालवायची? दुसऱ्या दिवशी तो दारात दिसताच ती उठून उभी राहिली.

"लेख कालच दिसायला लागला. मी… खोटं बोलले."

"माहीत आहे," तो म्हणाला. "काल इथे येण्याआधीच अर्ज पाठवला मी."

"मग विचारलंत कशाला?"

"रोजची सवय…" तो अडखळला. "पण तुम्ही नाही म्हणालात, आणि मी रस्ताभर एकटाच हसत गेलो."

"नोकरी लागली की जाल तुम्ही," ती कशीबशी म्हणाली.

"जाईन. पण तिथे एकट्याला करमायचं नाही मला. तुम्हाला — तळ्याकाठी राहायला आवडेल?"

संपादकबाई उगाचच खिडकीबाहेर बघू लागल्या.

"आवडेल," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "तुम्ही असाल तर."