स्फटिकातलं पाणी

संग्रहालयातल्या खनिजांच्या दालनाचं काम माझ्याकडे आहे. दगड पुसायचे, मांडायचे, येणाऱ्यांना समजावून सांगायचे. नव्या माहितीपुस्तिकेसाठी फोटो हवे होते, म्हणून मी धाकट्या भावाला बोलावलं. त्याचा तोच व्यवसाय.

त्याने आधी अमेथिस्ट उचलला. वीतभर लांबीचा जांभळा स्फटिक, टोकाकडे गडद होत गेलेला. त्याच्या पोटात एक बारीकशी पोकळी आहे. स्फटिक घडताना तिच्यात पाणी अडकलं आणि पाण्यात एक बुडबुडा राहून गेला. दगड कलता केला की तो वर सरकतो. लाखो वर्षांपूर्वीचं पाणी म्हटल्यावर मोठी माणसंही लहान होतात.

भावाने दगड उभा धरला. बुडबुडा वर गेला नाही. भावाच्या बाजूला चिकटून राहिला. त्याने दगड फिरवला, तर बुडबुडा सावकाश वळसा घेऊन पुन्हा त्याच्याकडेच आला.

"ताई, हा माझ्यावर भाळला बहुतेक."

"काहीतरी कचरा अडकला असेल," मी म्हटलं. बंद दगडात कचरा कुठून येणार, हे माझं मलाच कळेना. मी तो हातात घेतला. भाऊ टेबलाच्या पलीकडे गेला, तसा बुडबुडाही पलीकडच्या बाजूला गेला.

तो हसला. मला हसू आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याचा फोन आला. "डोकं हललं की आत पाणी हलतं गं." कानाच्या डॉक्टरांनी तपासलं होतं. कान कोरडे होते.

मी दालनातलं कपाट उघडलं. स्फटिकात बुडबुडा नव्हता. पाणीही नव्हतं. भिंगाखाली सगळ्या बाजूंनी पाहिलं, कुठे चीर नव्हती.

"सुकलं असेल," आमचे साहेब म्हणाले.

"इतकी वर्षं नाही सुकलं ते?"

"मग तुम्हीच सांगा."



दुसऱ्या दिवशी दुपारी दगड रुमालात गुंडाळून मी भावाकडे गेले. तो खुर्चीत मान ताठ धरून बसला होता. स्फटिक त्याच्या हातात दिला. मी हे काय करतेय, मलाच समजत नव्हतं. दोघंही त्या पोकळीकडे बघत राहिलो. ती कोरडीच राहिली.

"राहू दे," तो म्हणाला. "सकाळपासून आवाज थांबलाय. आता बरं वाटतंय."

त्याने मान हलवून दाखवली. खरंच बरा दिसत होता. माझा जीव भांड्यात पडला.

खिडकीतलं ऊन सरकत खुर्चीपाशी आलं. त्याने पाय वर घेतले.

"पडदा ओढ ना," तो बायकोला म्हणाला. "उन्हात रंग उडतो."

तिने रोजच्या सवयीने पडदा ओढला.

अमेथिस्टचा रंग उन्हात उडतो, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

"कशाचा रंग?" मी विचारलं.

शर्टाच्या बाह्या ओढून त्याने हात बोटांपर्यंत झाकून घेतले.