दार मीच उघडलं

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने खुशाल पुढे जावं, माझी तक्रार नाही. मी एकोणनव्वद वर्षांची आहे. या वयात खोटं बोलून मला काय मिळणार? मी सांगतेय आणि माझी नात टाइप करतेय. ती जयपूरची, तिचं मराठी हिंदीच्या वाटेने आलेलं. शब्द चुकला तर तो तिचा. घडलं ते मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

९ जून १९६१. शुक्रवार. जयपूर.

रात्र नव्हती. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती. पण आता कोण रागावणार? सर्जेराव. मूळ साताऱ्याकडचे. सैन्यात फोटो काढायचं काम केलं, आणि नोकरी सुटल्यावर आम्ही इथेच बनी पार्कात दोन खोल्या घेऊन राहिलो. आमची सुमन तेव्हा चार वर्षांची होती.

माणूस कामाला वाघ आणि स्वभावाने जमदग्नी. मला हाक मारायची ती "तारे, कुठं मेलीस?" अशीच. चहा गार असला तरी ओरडणार, गरम असला तरी ओरडणार. पण ओरडून झालं की स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात टाकणार. शेजारच्या अनुसयाबाई, बँकेतल्या साहेबांची बायको, मला म्हणायच्या, "कसं गं सहन करतेस?" मी हसायचे. खरं सांगते, मला तो आवाज आवडायचा. घरात माणूस आहे हे कळायचं.

त्या वर्षी यांना मोठं काम मिळालं होतं. खेड्यापाड्यातल्या शाळांमध्ये जाऊन मुलांचे फोटो काढायचे. अट एकच होती. फोटो त्याच दिवशी धुऊन हातात द्यायचे. म्हणजे अंधारखोली बरोबर न्यायला हवी, आणि त्यासाठी बंद गाडी हवी. नवी परवडणारी नव्हती. जुलैत शाळा उघडायच्या आत जुनी पण भरवशाची गाडी मिळाली नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं. मग गाठोडं बांधून साताऱ्याला परत जायचं, एवढंच उरलं होतं.

स्टेशनच्या मागे नंदकिशोरजी म्हणून एकाचं आवार होतं. ते जुन्या गाड्या विकायचे. सुमनला अनुसयाबाईंकडे ठेवून आम्ही दोघं तिथे गेलो.

पहिल्या गाडीचं इंजिन एकदम गुळगुळीत चालत होतं. हे खाली आडवे झाले, तळाच्या पत्र्याला बोट टोचलं, तर बोट आरपार गेलं.

"इंजिन गोड बोलून फशिवतं," हे म्हणाले. "तळ कधी खोटं बोलत न्हाई."

दुसऱ्या गाडीचं तेल यांनी चिमटीत घेऊन चोळलं. त्यात लोखंडाची कचकच लागली. तीही गेली.

तिसरी गाडी आवाराच्या टोकाला भिंतीशी उभी होती. राखाडी. मागे पत्र्याची बंद पेटी, खिडकी एकही नाही. मागच्या दाराला बाहेरून लोखंडी कडी होती. आतून काहीच नव्हतं.

तळ पक्का निघाला. तेल स्वच्छ. हॅन्डल मारल्याबरोबर गाडी सुरू झाली.

"ये किसकी थी?" यांनी विचारलं.

"पता नहीं, सा'ब," नंदकिशोरजी म्हणाले. "तीन हाथ घूमके आई है."

एवढं बोलून ते लांब जाऊन उभे राहिले. आवारातली माणसं दुसऱ्या ट्रकांखालच्या सावलीत दाटीवाटीने जेवायला बसली होती. या गाडीखालची सावली सगळ्यात मोठी होती.

तिथे कोणीच नव्हतं...

माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. यांच्या तर नाहीच. यांना एकच गोष्ट बघायची होती, आत अंधार पक्का आहे का. अंधारखोलीला सुईएवढं भोक असलं तरी कागद काळा पडतो. ते तपासायची रीत अशी, की आत बसून दार लावून घ्यायचं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटं लागतात. मग जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसेल, तिथे खडूने गोल करायचा.

यांनी हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. त्याच्या काट्यांना रेडियम होतं, अंधारात चमकायचं.

"नीट ऐक," हे म्हणाले. "मी आतून तीनदा ठोकल्याबिगर कडी काढायची न्हाई. मधीच उघडलंस तर डोळे परत पयल्यासारखे हुतील, आन् मी पुन्हा दहा मिनटं भाजत बसायचो. कळलं का?"

"कळलं."

"काय कळलं? बोल!"

"तीनदा ठोकल्याशिवाय उघडायचं नाही."

हे खडू घेऊन आत चढले. दार मी लावलं. कडी मीच घातली.

लू, म्हणजे इकडचा उन्हाळ्यातला भाजणारा वारा, सुटली होती. पदर तोंडावर घेऊन मी दाराजवळ उभी राहिले. आतून यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. दहा मिनिटं झाल्यावर खडू पत्र्यावर घासल्याचा आवाज आला.

"एक... आयला, हितंबी भोक! दोन..."

मला हसू आलं. बारा वाजून पंचवीस मिनिटांनी सात भोकं झाली.

"सात..."

आणि मग काहीच नाही.

खडूचा आवाज नाही. पुटपुटणं नाही. शिवीसुद्धा नाही.

मी पाच मिनिटं थांबले. मग दाराला तोंड लावून विचारलं, "झालं का हो?"

आतून आवाज आला...

"थांब गं. अजून नको."

यांचाच आवाज. अगदी दाराच्या पलीकडून. मी थांबले.

मी दारावर हात टेकवला. पत्रा तापला होता, आणि हाताखाली थरथरत होता. धडधड, धडधड. आवाज कसलाच नव्हता, नुसती थरथर लागत होती. मला वाटलं, लू आपटतेय.

देवा, मला वाटलं लू आपटतेय.

पावणेएक. "अहो, फार वेळ झाला. काढू का कडी?"

"थांब गं. अजून नको."

नंदकिशोरजी लांबूनच ओरडले, "भाभीजी, सा'ब ठीक हैं ना?"

"ठीक हैं," मी म्हणाले. "बोल रहे हैं."

एकला दहा कमी. माझ्या पायांखालची माती चटके देत होती. त्या पेटीत काय होत असेल? मी तिसऱ्यांदा विचारलं.

"थांब गं. अजून नको."

तोच सूर. तेवढाच हळू, तेवढाच मऊ.

आणि मग माझ्या ध्यानात आलं. सात वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी एवढं गोड कधी बोलला नव्हता. पेटीत चाळीस मिनिटं भाजून निघालेला सर्जेराव, आणि 'थांब गं'? त्याने माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या!

मी कडी ओढली. तापून ती अडकली होती. पदर गुंडाळून दोन्ही हातांनी ओढली.

दार उघडलं.

हे दारातच उभे होते. दाराला नाक लावून उभं राहावं तसे. हसत होते.

"झालं," हे म्हणाले. "चल."

यांचा शर्ट कोरडा होता. जूनचं ऊन, पत्र्याची पेटी, आणि कपाळावर घामाचा एक थेंब नाही...

मी यांच्या बाजूने आत बघितलं. पत्र्यावर खडूचे सात गोल होते. खाली खडूचा चुरा पडला होता, पायाखाली चिरडलेला. मग माझी नजर दाराच्या आतल्या बाजूला गेली.

तिथे हात उमटले होते. खडूचे पांढरे हात. मुठी, तळवे, एकावर एक. छातीच्या उंचीपासून खाली, आणखी खाली, पार तळापर्यंत. कोणीतरी दार बडवत बडवत खाली घसरलं होतं.

मी यांचे हात बघितले.

स्वच्छ होते. नखातसुद्धा खडू नव्हता.

"तुम्ही दार वाजवत होतात?" मी विचारलं.

"नाही गं," हे म्हणाले. "मी कशाला वाजवू?"

नंदकिशोरजी जवळ आले. त्यांनी यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि मग यांच्याकडे बघितलंच नाही. मला हळूच म्हणाले, "भाभीजी, दरवाज़ा आपने खोला?"

मी मान हलवली. त्यांनी डोक्याला हात लावला.

ती गाडी आम्ही घेतली नाही. हे म्हणाले, "हिची गरज नाही आता." जाताना समोर जी पहिली दिसली ती ठरवून टाकली. तळ बघितला नाही. तेल बघितलं नाही. आणि ती गाडी नऊ वर्षं एकदाही बंद पडली नाही.

शाळांचं काम मिळालं. पुढे आणखी मिळालं. घर सुधारलं.

आणि हे त्या दिवसापासून कधी ओरडले नाहीत.

एकदाही नाही. चहा गार असला तरी "असू दे गं". मीठ जास्त पडलं तरी "छान झालंय". मला 'तारामती' म्हणू लागले. घड्याळ मी कितीदा पुढे केलं, हातात घातलं नाही. स्वतःच्या ताटातली भाकरी माझ्या ताटात पुन्हा कधी आली नाही.

अनुसयाबाई म्हणाल्या, "नशीब काढलंस बाई!"

मी कोणाला काय सांगणार होते? नवरा गोड बोलतो म्हणून तक्रार करायची? आईला पत्र लिहायला बसले आणि फाडून टाकलं. सगळे म्हणायचे, माणूस सुधारला. मी रात्री त्याच्याशेजारी भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि शिव्यांची वाट बघायचे.

बाजारात जुनी बंद गाडी दिसली की मी जवळ जायचे. कोणी बघत नसलं तर पत्र्याला कान लावायचे. लोकांना मी चक्रम वाटले असेन.

पाच वर्षं गेली. एप्रिल १९६६. जयपूरजवळच्या दुर्गापुऱ्याला एका शाळेचे फोटो होते. मीही गेले होते. दुपारी तिथल्या स्टेशनच्या बाजूला पाणी आणायला गेले, तर बाभळीखाली एक गाडी उभी होती. चाकं काढलेली. वर हिरवा रंग मारलेला. खपली निघाली होती तिथे राखाडी दिसत होतं.

कडी तीच होती.

मी कान लावला...

आधी काहीच नाही.

मग ठोका. अगदी दमलेला. पुन्हा एक. पुन्हा एक.

आणि फार लांबून, विहिरीतून यावा तसा आवाज...

"तारे! कुठं मेलीस? उघड की गं!"

सर्जेराव! माझा सर्जेराव! माझा हात कडीवर गेला. ती गरम होती. नुसती ओढायची होती, बस.

"तारामती."

पाठीमागे हे उभे होते. छत्री घेऊन. ती माझ्या डोक्यावर धरली आणि म्हणाले, "ऊन फार आहे. तुला या दिवसांत ते बरं नाही. चल घरी."

मला सहावा महिना होता. पोटात विलास होता. याचा.

दार उघडलं तर आतून सर्जेराव येईल. मग बाहेर उभा असलेला हा कुठे जाईल? आणि याचं जे माझ्या पोटात आहे, ते? मी दोघांच्या मध्ये उभी राहिले, किती वेळ कोण जाणे. आत ठोके पडत होते. मग मी कडीवरचा हात काढला.

मी घरी गेले.

पंधरा दिवसांनी पुन्हा एकटीच दुर्गापुऱ्याला गेले. बाभळीखाली गाडी नव्हती. भंगारवाला तोडून घेऊन गेला, असं कोणीतरी सांगितलं. तोडताना आत काय निघालं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

हे १९९१ साली गेले. झोपेत, शांतपणे. सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस.

विलास आता साठीला आला आहे. राजा पार्कात मोठं घर आहे. लाखात एक मुलगा म्हणतात त्याला. त्याचा आवाज चढलेला कोणी ऐकलेला नाही. रोज फोन करतो आणि हळू, मऊ आवाजात विचारतो, "आई, माझ्याकडे कधी येतेस?"

मी म्हणते, येईन रे.

मी सुमनकडे राहते. ती बापासारखी तोंडाची फटकळ आहे. सकाळपासून मला ओरडत असते, औषध घेतलं का, पंखा कशाला लावला, अजून जागी का.

ती ओरडली की मला झोप लागते.